मोडीत काढण्याआधी

पुण्याच्या रविवार पेठेत जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की शहरातल्या घरांमध्ये काय चाललंय याचा अंदाज येतो. रिक्षातून पोतं उतरतं. त्यात हंडा, हंड्याच्या पोटात कळशी, कळशीत कोंबलेल्या वाट्या आणि पळ्या. दुकानातला माणूस एकेक भांडं उचलून टिचकी मारतो, बुडाचं काजळ खरवडून बघतो. लोखंडी कडी असेल तर छिन्नीने उडवतो, कारण लोखंडाला पितळेचा भाव कोण देणार? तांबं एका ढिगात, पितळ दुसऱ्यात, कासं वेगळं. मग काटा, मग भाव, मग घट वजा. सौदा दहा मिनिटांत उरकतो. विकणारी बाई नोटा मोजून पर्समध्ये टाकते आणि रिकामं पोतं तेवढं परत मागून घेते.

इथे वजनाला पैसे मिळतात, घडणावळीला नाही. हाताने मठारलेलं शंभर वर्षांचं घंगाळ आणि गेल्या वर्षी मशीनवर दाबलेलं घंगाळ, दोन्ही किलोवरच जातात. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो भांडी विकत घेतच नाही, धातू घेतो. भांडं काय होतं हे ठरवायची वेळ पोतं भरण्याआधीची असते, आणि ती बहुतेक घरांतून निसटून जाते.

अलीकडे ही पोती वाढली आहेत, त्याचं एक कारण अगदी साधं आहे. नव्या फ्लॅटला माळा नसतो. जुन्या वाड्यांत आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत स्वयंपाकघरावर, न्हाणीघरावर माळे असत. नको असलेलं पण टाकवत नसलेलं सगळं तिथे चढायचं आणि प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलला जायचा. आता इमारत रीडेव्हलपमेंटला जाते, भाड्याच्या जागेत तात्पुरता संसार हलवायचा असतो आणि तीस-चाळीस वर्षं लांबणीवर टाकलेला निर्णय एका महिन्यात घ्यावा लागतो. त्यात एक भाऊ इथे, एक परदेशात, बहीण ठाण्याला. व्हॉट्सॲपवर भांड्यांचे फोटो पडतात. खाली तीन अंगठे आणि एक हात जोडलेला. निर्णय मात्र कुणीच घेत नाही.

माझ्या आत्याच्या घरी हेच झालं. सदाशिव पेठेतली जागा रिकामी करायची होती. आत्या जाऊन वर्ष होत आलं होतं. वहिनीचा, म्हणजे तिच्या थोरल्या सुनेचा, फोन आला. "तू लिहिणारी आहेस, निदान भांड्यांवरची नावं वाचायला तरी ये. माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि ह्यांना वेळ नाही."

नावं वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की घरातलं सगळ्यात भरवशाचं दप्तर हेच होतं. भांडं विकत घेतलं की दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस छोट्या छिन्नीने ठिपके ठोकत नाव घालून द्यायचा. नंतर विजेवर थरथरणारी लेखणी आली, अक्षरं सलग झाली, पण शिस्त तीच राहिली : कुणी दिलं, कुणाला दिलं, कशानिमित्त, कधी. त्यामागे व्यवहार होता. लग्नामुंजीला आळीतल्या दहा घरांची पातेली एकत्र व्हायची, परत करताना नाव बघूनच करायची. शिवाय अमक्यांनी आहेर काय केला होता हे फेड करताना समजायला हवं. एका परातीवर नुसतं 'वैशाख शके १८६९' होतं, म्हणजे १९४७चा उन्हाळा, आत्याच्या सासूबाईंच्या घरातलं कुठलंसं कार्य. एका कळशीवर दोन नावं होती. पहिलं खरवडून त्यावर दुसरं घातलेलं. ती कळशी कुणीतरी कुणाला तरी फिरवली होती, आणि अशा गोष्टीचा पुरावा धातूवर सत्तर वर्षं टिकतो.

आणि एक लहानसं पितळी फुलपात्र निघालं. त्यावर आत्याचं माहेरचं नाव, आडनावासकट, आणि खाली 'हस्ताक्षर स्पर्धा, दुसरा क्रमांक'. लग्नात तिचं नावही बदललं होतं. माहेरचं नाव लिहिलेली घरातली ती एकच वस्तू. तिच्या तिन्ही मुलांना ही स्पर्धा माहीत नव्हती. दादा, म्हणजे आत्याचा थोरला मुलगा, म्हणाला, "आमच्या हस्ताक्षरावरून एवढं बोलायची आणि स्वतः दुसरी आली होती!" ते फुलपात्र भरेल जेमतेम दीडशे ग्रॅम. पोत्यात गेलं असतं तर काट्यावर आकडाही हलला नसता.

म्हणून पहिली गोष्ट ही, की मोडीत काढण्याआधी भांडं घासून, उजेडात धरून वाचावं. चिंच-मीठ किंवा पितांबरी पुरते. अक्षरं पुसट असतील तर वर थोडी रांगोळी किंवा पीठ चोळावं, ठिपक्यांत बसतं आणि नाव उठून दिसतं. फोटो काढावा. त्यानंतर भांडं विकलं तरी चालेल. मी विकण्याच्या विरोधात नाही. न वाचता विकण्याच्या विरोधात आहे.

*

पितळ-तांब्याची एक मोठी पाठवणी याआधीही झाली आहे. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं आणि बायकांनी जड पितळी पातेली देऊन हलकी, चकचकीत स्टीलची घेतली. आज त्याबद्दल हळहळणारे बहुतेक पुरुष असतात. ज्यांनी राखेने आणि चिंचेने रोज ती भांडी घासली, कल्हईवाल्याची वाट पाहिली, त्या बायकांना स्टील म्हणजे सुटका वाटली होती आणि ती सुटकाच होती. पितळेत कल्हई गेली की आंबट पदार्थ कळकतो. ताक, आमटी, चिंचेचं सार हिरवट, कडवट होतं आणि ते पोटात जाणं बरं नाही. वर्षातून दोन-तीनदा कल्हई लावणं हा संसाराचा भाग होता.

कल्हईवाला आता दुर्मीळ असला तरी नाहीसा झालेला नाही. त्याचं काम बघण्यासारखं असतं. भात्याने फुललेल्या कोळशावर भांडं तापवायचं, आत नवसागर भुरभुरायचा, त्याचा पांढरा झणझणीत धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं. भांड्याला काही होत नाही आणि कथील पाण्यासारखं पसरतं. कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात ते आतून फिरवलं की काळवंडलेलं भांडं चांदीसारखं होतं. वारशात आलेली पितळी भांडी पुन्हा वापरात आणायची असतील तर एवढा एकच खर्च आहे. फक्त कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारून घ्यावं. काशाच्या थाळीला कल्हई लागत नाही, पण कासं ठिसूळ असतं. हातातून पडलं तर चेपत नाही, तडकतं. तडकलेलं कासं सहसा सांधता येत नाही, ते मोडीत घालायला हरकत नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हातोडीचा आवाज येतो. तांबट मंडळी पेशवाईत कोकणातून पुण्यात आली. गुळगुळीत पत्र्यावर एकसारखे ठोके देत ओळीने खळगे उठवायचे याला ते मठारकाम म्हणतात. ते दिसायला छान दिसतं म्हणून करत असतील असं आपल्याला वाटतं, पण ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, पातळ पत्रासुद्धा चेपत नाही. जुनं घंगाळ हातात घेऊन आतून बोट फिरवलं तर हे ठोके लागतात. मशीनच्या भांड्यावर असे खळगे असले तरी ते फार सारखे असतात, एकाच साच्यातले. जुन्या भांड्याला पोचे पडले असतील, बूड सुटलं असेल, तर मोडीत घालण्याआधी अशा कारागिराला एकदा दाखवावं. दुरुस्तीचा खर्च नव्या भांड्याच्या किमतीपेक्षा बहुधा कमीच येतो.

घंगाळाला भोक पाडून दिवा करणं, समईचा टेबललॅम्प करणं, हंड्यात मनीप्लँट लावणं याबद्दल मत विचाराल तर मनीप्लँटला माझी हरकत नाही. भोक पाडण्याला आहे. झाड उद्या काढता येतं, भोक बुजत नाही.

*

चांदीचं प्रकरण वेगळं. तिथे मोडीचा भाव इतका मोठा असतो, की बाकी सगळे विचार त्यापुढे गप्प होतात. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या बराच वर गेला. ज्या घरांत चांदीचं ताट श्रावणातल्या सवाष्णीसाठी वर्षातून एकदा निघायचं, तिथे आता ते ताट पोळी वाढताना तरी दिसावं की लॉकरमध्येच राहावं यावर चर्चा होते.

जुन्या मराठी घरांतली बरीच चांदी रुपये आटवून केलेली आहे. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांच्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. सोनाराकडे शंभर रुपये नेऊन दिले की शंभर तोळ्यांचं ताट-वाटी-पेला व्हायचा. घडणावळ तेवढी वेगळी. म्हणून जुन्या याद्यांत 'ताट, रुपये भार ऐंशी' अशा नोंदी सापडतात. १९४०पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७मध्ये रुपया निकेलचा झाला. हे ठाऊक असलं की दोन गोष्टी कळतात. आजीच्या ताटावर हॉलमार्क नाही म्हणून ते खोटं ठरत नाही, तेव्हा हॉलमार्क नव्हताच. आणि सोनार 'जुना माल आहे, कस कमी लागेल' म्हणून सरसकट मोठी घट सांगू लागला, तर आधी कस तपासून आकडा मागावा. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रावर, वस्तू न कापता शुद्धता बघता येते. दोन ठिकाणी दाखवावं आणि घट किती धरली ते कागदावर लिहून घ्यावं.

उलटी फसगतही होते. किटली, साखरदाणी, दुधाचं भांडं असा विलायती टी-सेट निघतो, जड, नक्षीदार, आणि सगळ्यांना वाटतं चांदीचा. उलटा करून बुडाखाली बघावं. 'ईपीएनएस' असा ठसा असेल तर ते जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेलं चांदीचं पाणी आहे. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदी औषधालाही नसते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने १८४०मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून साहेबाच्या आणि साहेबाची नक्कल करणाऱ्यांच्या टेबलावर ही भांडी आली. सोनार त्यांना हात लावत नाही. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, त्यांना घडणीचा भाव मिळू शकतो. वजनाचा काटा जिथे बिनकामाचा ठरतो अशी ही एक जागा.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रबराची रिंग घालून ठेवलेली चांदी सगळ्यात आधी काळी होते, रबरात गंधक असतं म्हणून. दंतमंजनाने घासण्याची आपल्याकडे रीत आहे, पण दरवेळी घासताना थोडी चांदी निघून जाते. साठ वर्षं श्रद्धेने घासलेल्या करंड्यावरची वेलबुट्टी बघा, सपाट झालेली असते. त्यापेक्षा पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर भांडं, खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. काळेपणा फॉइलवर उतरतो, चांदी चांदीच राहते. कुजलेल्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नये. मुद्दाम काळं केलेलं नक्षीकाम किंवा खडे असलेली वस्तू मात्र यात घालू नये.

*

आता खरा वादाचा मुद्दा. हे कुणाचं?

रीत सांगते, सासूचं सुनेला. कायदा तसं सांगत नाही. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे स्त्रीकडे असलेली मालमत्ता तिची स्वतःची, पूर्ण मालकीची. स्त्रीधन नवऱ्याकडे सोपवलं तरी तो फक्त सांभाळणारा असतो, मालक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. आणि मृत्युपत्र न करता ती गेली तर पंधराव्या कलमाप्रमाणे पहिल्या फळीतले वारस म्हणजे मुलगे, मुली आणि नवरा. आधी गेलेल्या मुला-मुलीची मुलंही त्यात येतात. सून त्या यादीत नाही.

माझ्या वहिनीने अठ्ठावीस वर्षं ती भांडी घासली. कुठल्या पातेल्याला कुठे चीर आहे, कुठली समई डुगडुगते, कुठल्या सणाला काय बाहेर काढायचं, हे त्या घरात तिलाच माहीत. कायद्याने तिचा त्यात एका चमच्याचाही वाटा नव्हता. ठाण्याची ताई, म्हणजे आत्याची मुलगी, कायद्याने बरोबरीची वाटेकरी, पण तिने स्वतःच सांगितलं की मला चांदीचा गुलाबदाणी-अत्तरदाणीचा जोड हवा, बाकी वहिनीला विचारा. घरं फुटतात ती असं विचारलं न गेल्यामुळे. कायदा वाटा ठरवतो. घासणाऱ्या हातांची दखल घ्यायची तर ती हयातीत घ्यावी लागते, मृत्युपत्रात एक ओळ लिहून किंवा जिवंतपणी हातात देऊन. आत्याने दोन्ही केलं नाही. तिला वाटलं असणार, हे काय सांगायला पाहिजे?

गोव्यात हे बरंच वेगळ्या पद्धतीने चालतं. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे आणि आता २०१२च्या गोव्याच्या स्वतःच्या उत्तराधिकार कायद्यात तो नव्याने मांडला आहे. आईवडिलांना साधारणपणे निम्मी मालमत्ताच मर्जीप्रमाणे देता येते, उरलेली निम्मी मुलांची ठरलेली. माणूस गेला की 'इन्व्हेंटरी' होते. घरातला एक जण प्रमुख म्हणून यादी सादर करतो, वस्तूंची किंमत ठरते, आणि एकमत झालं नाही तर वारसच आपसात बोली लावतात. जो जास्त बोलेल त्याला वस्तू, तेवढी रक्कम त्याच्या वाट्यात धरली जाते, वरची रक्कम त्याने इतरांना द्यायची. भावाबहिणींनी कपाटासाठी एकमेकांविरुद्ध बोली लावणं आपल्याला कोरडं वाटेल. पण ज्याला खरोखर हवं आहे त्याला त्याची किंमत मोजायला लावणं आणि ज्याला नको त्याला पैसे देऊन मोकळं करणं, यात मला तरी घाटावरच्या मुक्या रुसव्यापेक्षा जास्त सभ्यपणा दिसतो.

चांदर गावातलं ब्रागांझांचं घर पाहिलं तर वाटणीचा दीर्घ परिणाम डोळ्यांसमोर उभा राहतो. एकच लांबच लांब दर्शनी भिंत, आणि मागे दोन शाखांची दोन घरं, पश्चिमेला मेनेझिस ब्रागांझा, पूर्वेला ब्रागांझा परेरा. दोन्हीकडे झुंबरं, दोन्हीकडे चिनी मातीची भांडी. मकाव, गोवा, लिस्बन अशा जलमार्गाने ही निळी-पांढरी भांडी गोव्याच्या जमीनदार घरांत आली. बघायला आलेल्या लोकांच्या देणग्या अशा घरांच्या देखभालीला हातभार लावतात. एवढं मोठं घर आणि एवढी ताटं-बश्या सांभाळायची तर ती लोकांना दाखवणं हाही एक वापर झाला.

*

घाटावर चिनी माती इतक्या सरळ आली नाही. धातूचं भांडं राखेने घासलं, विस्तवावर धरलं की शुद्ध. मातीचं तसं होत नाही, म्हणून कपबशी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिरायला फार वर्षं लागली. पुण्यात तर कपभर चहाने खटला उभा केला होता. ऑक्टोबर १८९०मध्ये पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी जमवलेल्या मंडळींना चहा-बिस्किटं देण्यात आली. मंडळींत रानडे होते, टिळक होते. गोपाळरावांनीच मग उपस्थितांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापवली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, पेटलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, टिळकांनी आपण काशीला घेतल्याचं सांगितलं. आज आपण ज्या कपाटातून 'आजीचा टी-सेट' काढतो, तो त्या कपाटापर्यंत पोचला त्यात एवढा गदारोळ आहे.

आणि त्याच कपाटात, बहुधा खालच्या फळीवर किंवा मोरीजवळच्या कोनाड्यात, एक कान तुटका कप असायचा. तो वेगळा. कामवाल्या बाईंसाठी, मैल्याची गाडी ओढणाऱ्यासाठी, ज्यांना आतला कप द्यायचा नाही अशा सगळ्यांसाठी. आत्याच्याही घरी होता. फोटो काढताना वहिनीने तो बाजूला सरकवला. ताईने उचलून परत यादीत ठेवला. चांदीच्या ताटाचा वारसा सांगायचा तर ह्या कपाचाही सांगायला हवा, असं ती म्हणाली आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी तो कप ताईच घेऊन गेली. ठाण्याला तिच्या पुस्तकांच्या कपाटात तो आहे. तिच्या मुलीने विचारलं तर तिला सांगता यावं म्हणून. हा निर्णय मला एकाच वेळी नाटकी आणि बरोबर वाटला.

बाकी चिनी मातीचं म्हणाल तर व्यवहार सोपा आहे. नखाने टिचकी मारा. बद्द आवाज आला की तडा आहे, तो डोळ्यांना न दिसला तरी. सोनेरी काठाची बशी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, ठिणग्या उडतात. रंगीत नक्षी आतून असलेल्या फार जुन्या भांड्यात लोणचं, चिंच असं आंबट साठवू नका, रंगात आणि झिलईत शिसं असू शकतं. लोणच्याच्या बरण्या मात्र, पांढऱ्या-पिवळसर, वर तपकिरी गळा, अजून तितक्याच उपयोगी आहेत आणि मोडीवाला त्यांना हातही लावत नाही. कुणीतरी मागून नेतं. आत्याच्या बरण्यांना दोन दिवसांत घरं मिळाली, तिच्या चांदीला दोन महिने लागले.

*

धाकटा आतेभाऊ न्यू जर्सीहून फोनवर म्हणाला, "मला आईची काहीतरी एक जुनी वस्तू पाठवा, चांदीचा करंडा वगैरे." परदेशातल्या पुष्कळ मराठी मुलांची हीच मागणी असते. ती पुरवण्याआधी एक कायदा माहीत असावा. १९७२च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, कला-कारागिरीच्या दृष्टीने मोलाची वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. करंडा पणजीचा असेल तर विमानतळावर अडचण होऊ शकते. शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शेवटी त्याला १९६०च्या आसपासची चांदीची पळी-पंचपात्री गेली. आत्याच्या संध्याकाळच्या पूजेतली, म्हणजे त्याच्या आठवणीतली. करंडा त्याने पाहिलेलाही नव्हता.

विकायचंच ठरलं तर करही बघावा लागतो. वारसाकर भारतात नाही. इस्टेट ड्यूटी होती, ती १९८५मध्ये गेली. म्हणून वारशात मिळालेल्यावर कर नाही, पण विकल्यावर नफ्याचा प्रश्न येतो. इथे कायदा एक फार घरगुती प्रश्न विचारतो : तुम्ही हे वापरत होता का? घरच्या नेहमीच्या वापरातल्या वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. धोलपूरच्या महाराजांनी आपली सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लाद्या लक्ष्मीपूजनात मांडतो, म्हणून त्या वैयक्तिक वापराच्या, असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये ते मान्य केलं नाही. वर्षातून एकदा पूजेत मांडणं म्हणजे वापर नव्हे. उलट मुंबई उच्च न्यायालयाने १९८०च्या दशकात जेवणाच्या चांदीच्या भांड्यांच्या बाबतीत कुटुंबांच्या बाजूने विचार केला. नेमका हिशेब चार्टर्ड अकाउंटंटला विचारून करावा, पण प्रश्न तोच राहतो. तुम्ही हे वापरता का?

हाच प्रश्न मला बाकी सगळ्या भांड्यांनाही लावावासा वाटतो. 'आठवण' या नावाखाली पंधरा वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या ताटाची आठवण कुणाला येत नाही. रोज पाणी भरलेल्या तांब्याच्या कळशीची येते. सगळं ठेवून काहीच न वापरणारी घरं आणि सगळं एका सकाळी मोडीत घालून मोकळी होणारी घरं मला सारखीच वाटतात. दोघांनीही बघण्याचं काम टाळलेलं असतं.

वस्तुसंग्रहालयाचा पर्याय लोक हमखास सुचवतात. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे, यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रह उभारला. अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी असं रोजच्या वापरातलं सगळं त्यांनी गावोगाव फिरून, विकत घेऊन, मागून गोळा केलं. पण केळकर वस्तू शोधायला जात. आपल्या घरचं पातेलं संग्रहालयाने घ्यावं अशी अपेक्षा करण्याआधी त्यांच्याकडे तशी किती आहेत हे बघावं. वेगळेपणा असेल, नाव-तारीख असेल, मागची कथा लिखित असेल, तर विचारायला हरकत नाही. नुसतं जुनं असणं पुरत नाही.

आत्याच्या घराची वाटणी शेवटी अशी झाली. चांदीची चार ताटं चौघांना, त्यात वहिनीचं नाव मुद्दाम घेऊन. दादा म्हणाला, "आईचं मृत्युपत्र नाही, पण आम्हाला डोळे आहेत." पितळेची दोन पातेली कल्हई लावून वहिनीच्या स्वयंपाकघरात गेली. सत्यनारायणाचा शिरा ती त्यातच करते. हंडे, तडकलेली थाळी, बूड गेलेली तपेली मोडीत गेली, सगळ्यांच्या नावांचे फोटो आधी काढून. आलेले पैसे भाड्याच्या घराच्या डिपॉझिटमध्ये घातले. फुलपात्र दादाकडे आहे आणि त्याच्या नातीला सध्या हस्ताक्षरावरून बोलणी बसतात.

तांब्याचा बंब तेवढा राहिला आहे. मधली नळी शाबूत, तोटी चालू, वजन दोन माणसांना उचलेल एवढं. व्हॉट्सॲपवर त्याच्या फोटोखाली आतापर्यंत पाच अंगठे आले आहेत. मोडीवाला दोनदा भाव सांगून गेला, तांबट आळीतल्या कारागिराने बघून सांगितलं की बूड नवं घातलं तर अजून चाळीस वर्षं पाणी तापवेल. इमारत पाडायला डिसेंबरमध्ये सुरुवात होते आहे आणि वहिनीने दादाला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे.